राणीच्या बागेतील शिल्पशाळा

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, उभ्या असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे मुंबईकर बहुधा जुन्या वस्तूंचे कोठार म्हणून पाहतो. परंतु ज्या हेतूने ही संस्था स्थापन झाली तो ध्यानात घेतला, तर आजचा एखादा शिल्पकार विद्यार्थ्यांना भोवती बसवून त्यांच्या हाती माती देतो यात काही नवल न वाटता, संस्थेच्या मूळ धर्माचेच ते पालन आहे अशी खात्री पटते.

1855 साली पॅरिसमध्ये भरलेल्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीचे आणि कच्च्या मालाचे जे जिन्नस गोळा करण्यात आले, त्यांचेच नमुने या संग्रहाचा पाया ठरले. 1857 च्या उठावात, हा संग्रह ज्या बराकींत ठेवला होता त्या लष्कराला रिकाम्या करून हव्या झाल्या, तेव्हा तो घाईघाईने बाहेर काढला गेला आणि त्यातील पुष्कळ वस्तूंची नासधूस झाली. पुढे जगन्नाथ शंकरशेट अध्यक्ष आणि डॉ. भाऊ दाजी व जॉर्ज बर्डवुड चिटणीस अशी समिती नेमली गेली, वर्गण्या जमल्या, 1862 साली सध्याच्या इमारतीची कोनशिला बसली आणि 2 मे 1872 रोजी ती लोकांस खुली झाली. भाऊ दाजींचे नाव संस्थेला 1975 साली मिळाले. मुंबईचे कलाविद्यालय, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, हेही त्याच काळातले, 1857 चे. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल बर्न्स हे एकच गृहस्थ या विद्यालयाचे प्राचार्य व या संग्रहालयाचे अभिरक्षक असे दोन्ही अधिकार सांभाळीत असत, या एका गोष्टीवरून शिकणारा हात आणि जतन केलेली वस्तू यांचे त्या काळी किती निकटचे नाते होते, ते कळून येते.

त्या नात्याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे येथील काचेच्या कपाटांतील मातीच्या लहान प्रतिमा. मुंबई इलाख्यातील निरनिराळ्या जातीजमाती, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे यांची नोंद इंग्रजी अंमलात ज्या वर्गीकरणबुद्धीने झाली, तिच्याविषयी आज आपले मत अनुकूल असण्याचे कारण नाही. तथापि ज्या कारागिराने बोटभर मातीतून पागोट्याचा पेच आणि खांद्याचा वाक नेमका उतरवला, त्याचे निरीक्षण त्या वर्गीकरणाहून कितीतरी श्रेष्ठ होते, असे मला वाटते. विद्यार्थ्याने प्रथम येथेच थांबावे. त्यानंतर त्याने बाहेर बागेत जाऊन घारापुरीचा दगडी हत्ती पाहावा. हा हत्ती विलायतेस नेण्याच्या प्रयत्नात 1864 साली यारी मोडून खाली कोसळला व भंगला, आणि त्याचे तुकडे 1914 साली जुळवण्यात आले. त्या सांध्यांवरून नजर फिरवली की दगडाचे वजन म्हणजे काय, हे कोणत्याही पुस्तकाहून अधिक स्पष्टपणे समजते.

यानंतर माती. शाडू भिजवून, तिच्यात हवेची पोकळी राहू नये म्हणून तळव्याच्या टाचेने ती मळीत राहणे, हे काम कंटाळवाणे वाटले तरी शिल्पकार ते दुसऱ्याकडून करवून घेत नाही, कारण मातीचा ओलावा किती आणि ती कोठवर ताण सोसते, हे त्याला या मळण्यातूनच कळत असते. उभ्या आकृतीला आतून सळईचा आणि तारेचा सांगाडा लागतो. माती ओघळू नये म्हणून त्यात लाकडाच्या छोट्या फुल्या टांगतात. आणि रात्री काम थांबले की त्यावर ओले फडके गुंडाळतात. पुढे साचा करताना प्लास्टरचा पहिला पातळ हात नीळ घालून रंगीत करतात आणि त्यावर काथ्या घातलेला पांढरा जाड थर चढवतात. आतली माती उकरून काढली, साचा धुऊन त्याला साबण लावला, त्यात नवे प्लास्टर ओतले आणि ते घट्ट झाल्यावर छिन्नीने बाहेरचा साचा फोडू लागले, की निळा थर दिसताच हात हलका करावयाचा, कारण त्याच्या लगेच खाली मूर्तीची त्वचा असते. धीर आणि धोका या दोहोंचा असा एकत्र पाठ दुसऱ्या कोणत्या विषयाच्या तासाला मिळत असेल, असे मला वाटत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेत एवढा सारा क्रम साधत नाही हे खरे. पण एक वीतभर उठावशिल्प आणि त्याचा एक साचा खचित साधतो.

आजचा शिल्पकारच कशासाठी, असे कोणी विचारील. 2003 पासून महानगरपालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने इमारतीचा जीर्णोद्धार झाला आणि 2008 साली ती पुन्हा खुली झाली. त्यानंतर संस्थेने विद्यमान कलावंतांना या संग्रहाला आपल्या कृतींतून उत्तर देण्यास पाचारण केले. 2010 साली सुदर्शन शेट्टी आले, 2011 साली एल. एन. तल्लूर आले. तल्लूर यांनी बडोद्याच्या विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचे रीतसर अध्ययन केलेले. त्यांच्या ‘युनिकोड’ या शिल्पात नटराजाचे ब्राँझचे प्रभामंडल आहे, पण आत नाचणारा देव नाही; त्याच्या जागी नाणी रुतलेला काँक्रीटचा गोळा आहे. तरीही पाहणाऱ्याला नटराज ओळखता येतो! परंपरेचा कोणता भाग काढून घेतला तरी ती टिकते आणि कोणता काढला की ढासळते, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे इतक्या प्रत्यक्षपणे तोच मांडू शकतो, ज्याने तो स्वतःच्या हातांनी सोडवून पाहिला आहे.

तयार साच्यात माती दाबून, तासाभरात छायाचित्र काढून मुलांची रवानगी करणाऱ्या कार्यशाळांचे मोल मला फारसे वाटत नाही. हे संग्रहालय महानगरपालिकेचे, म्हणजे पर्यायाने तिच्या शाळांतील मुलांचेच आहे. तेव्हा चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की वर्गाची सहल येथे आणताना माहितीपर व्याख्यानाची मागणी करू नये. शिल्पकार, माती आणि निदान दोन पूर्ण दिवस मागावेत.