छेद लहान, पण हाड किती वाचलं?

पाठीच्या कण्यात गाठ आहे म्हटलं की घरच्यांच्या मनात आधी कर्करोगच येतो. पण ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही गाठ कर्करोगाची नाही. ती शरीरात पसरत नाही आणि तिचा गाभा सहसा दीड सेंटिमीटरहून लहान असतो. हेन्री जॅफे यांनी १९३५ साली तिचं स्वतंत्र वर्णन केलं. ती बहुधा किशोरवयात होते, रात्री ठणकते, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीने शमते आणि मणक्यात असेल तर पाठ एका बाजूला वाकवते. एवढ्याशा गाठीवरचा जुना इलाज मात्र फार मोठा होता. गाभा भोवतालच्या टणक हाडात दडलेला, नुसत्या नजरेने सापडायला अवघड, म्हणून अंदाजाने बरंच हाड काढावं लागे. त्यात दोन मणक्यांमधला सांधा गेला तर कणा डळमळीत होई आणि स्क्रू-सळ्या घालून मणके कायमचे जखडावे लागत.

संगणकाच्या मार्गदर्शनाचं मोल मला इथे दिसतं. कौतुक होतं ते कातडीवरच्या लहान छेदाचं, पण ती दुय्यम गोष्ट आहे. मणक्याच्या मागच्या उंचवट्यावर एक छोटी चौकट घट्ट बसवतात आणि ऑपरेशनच्या टेबलावरच सीटी स्कॅन घेतात. चौकटीवरचे आणि हत्यारांवरचे चकाकते गोळे इन्फ्रारेड कॅमेरा टिपत राहतो, त्यामुळे ड्रिलचं टोक हाडात नेमकं कुठे पोहोचलं ते पडद्यावर दिसतं. अरुंद नळीतून गाभा तेवढा कोरून काढता येतो, पुन्हा स्कॅन करून खात्री करता येते आणि सांधा शाबूत राहतो.

सुई घालून सुमारे ९० अंश सेल्सिअसला गाभा जाळता येत असताना ड्रिल कशाला, असं कुणी विचारेल. हातापायांच्या हाडांत जाळणंच बरं, मणक्यातही ते अनेकदा जमतं. पण साधारण ४५ अंशांपुढे मज्जातंतूंना इजा होऊ लागते. गाभा आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये हाडाचा शाबूत थर नसेल, तर कोरून काढणं अधिक सुरक्षित. क्ष-किरणांची काळजीही रास्त आहे, कारण रुग्ण बहुधा कोवळ्या वयाचा असतो. म्हणून स्कॅन कमी मात्रेत आणि गरजेच्या मणक्यांपुरताच हवा. सर्वांत गंभीर आक्षेप यंत्रावरच्या विश्वासाचा. चौकटीला धक्का लागला की पडद्यावरची जागा चुकते आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो. हत्यार ओळखीच्या हाडावर टेकवून सर्जनने वारंवार पडताळा घ्यायलाच हवा.

काही गाठी गोळ्यांवर काही वर्षांत आपोआप शमतात, हेही खरं. पण पाठ वाकू लागली असेल तर थांबणं धोक्याचं, कारण उशीर झाला तर तो बाक कायमचा राहू शकतो. मुलाची पाठ रात्री ठणकत असेल तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका. साध्या एक्स-रेत मणक्यातली ही गाठ अनेकदा सुटते. सीटीत ती दिसते.