नोकरीला दोन भाषांची अट

बाहेरून माणसं आली की इथल्यांची मजुरी घटते का? अमेरिकेतल्या मायामीचं उदाहरण पाहू. १९८० साली क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसं बोटींनी आली. त्यातली निम्मी मायामीत राहिली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना स्थानिकांची मजुरी फारशी घटलेली दिसली नाही. जॉर्ज बोर्हास म्हणाले, शाळा अर्धवट सोडलेल्यांची बरीच घटली. हा वाद अजून मिटलेला नाही.

पण स्पॅनिश बोलणारी गिऱ्हाइकं वाढली, तशी दुकानांना, दवाखान्यांना दोन्ही भाषा येणारी माणसं हवी झाली. फक्त इंग्रजी येणाऱ्यांना ती कामं मिळेनात. म्हणून अशी अट दिसली की आधी विचारा: या कामाला ती भाषा खरंच लागते का? लागत असेल, तर शिकायची सोय मागा.