‘फेसबुकने लॉगिन करा’ दाबल्यावर आत काय होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

जिंतूरच्या एका श्रोत्याने विचारलंय, "भरतीच्या टेस्ट सिरीजचं एक अ‍ॅप घेतलं. त्यात फेसबुकने लॉगिन केलं. आता माझा पासवर्ड त्या अ‍ॅपवाल्याकडे गेला का?"

नाही गेला. सेलू, मानवत, पूर्णेहून रोज एसटीने परभणीला कॉलेजला येणाऱ्यांना हे लगेच कळेल. पास काढायला आपण कॉलेजचं बोनाफाईड घेऊन डेपोत जातो. डेपोतला कर्मचारी आपल्याला ओळखत नसतो, पण कॉलेजवर त्याचा विश्वास असतो. कॉलेज लिहून देतं की हा पोरगा आमचाच आहे, आणि पास मिळतो. इथे फेसबुक म्हणजे कॉलेज आणि अ‍ॅप म्हणजे डेपो. पासवर्ड तुम्ही फक्त फेसबुकच्या पानावर टाकता. फेसबुक अ‍ॅपला एक डिजिटल चिठ्ठी देतं, तिला टोकन म्हणतात. सोबत तुमचं नाव, फोटो आणि बहुतेक वेळा ईमेल जातो. गूगलचं बटणही साधारण असंच चालतं.

पण बोनाफाईड कशासाठी नेलं हे कॉलेजला कळतंच ना? तसं तुम्ही कुठल्या कुठल्या अ‍ॅपमध्ये शिरलात हे फेसबुकलाही कळतं. फुकट सोय आहे, त्याची ही किंमत.

आता चिठ्ठीवर काय काय लिहून दिलं जातं, तिकडे या. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं. फेसबुकने लॉगिन करून व्यक्तिमत्त्वाची चाचणी देण्याचं एक अ‍ॅप होतं. भारतात ते फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. तरी फेसबुकनेच सांगितलं की भारतातल्या सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती त्यातून गेलेली असू शकते. कारण त्या काळी अ‍ॅपला तुमच्यासोबत तुमच्या मित्रांची माहितीही ओढता यायची. तुम्ही काहीच दाबलेलं नसायचं, दाबलेलं असायचं मित्राने! हा रस्ता फेसबुकने पुढे बंद केला. तरी परवानगीच्या पानावर मित्रयादी, जन्मतारीख असलं काही मागत असेल तर तिथेच ‘बदला’चा पर्याय असतो. टेस्ट सिरीजला तुमची मित्रयादी कशाला लागते, सांगा बरं!

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेसबुकच्या एका त्रुटीतून टोकनच चोरीला गेली. आधी ५ कोटी खात्यांचा आकडा सांगितला, नंतर तो ३ कोटींवर आला. इतर अ‍ॅपमध्ये कुणी शिरल्याचा पुरावा सापडला नाही, असं फेसबुकने सांगितलं. पण एक खातं गेलं की त्यावर टांगलेली बाकीची दारं उघडू शकतात, हे त्या वेळी दिसलं. उलटंही होतं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक जवळपास सहा तास बंद पडलं, तेव्हा त्याच्या भरवशावर असलेल्यांना दुसऱ्या अ‍ॅपमध्येही शिरता येईना.

आपल्याकडे मात्र मला जास्त भीती सिमची वाटते. बारावीला असताना घेतलेल्या नंबरवर फेसबुक उघडलेलं असतं. पुढे पोरगं पुण्याला कामाला जातं, दुसरं सिम घेतं, जुन्याला रिचार्ज मारत नाही. नंबर बंद पडला की किमान ९० दिवस तो कोणाला देत नाहीत, त्यानंतर नव्या ग्राहकाला देऊ शकतात. मग तुमच्या फेसबुकचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येणार? आणि तिथून टेस्ट सिरीज, खरेदीचं अ‍ॅप, गेम, सगळं. म्हणून आज एवढं करा: फेसबुक आणि गूगलच्या खात्यात जाऊन कुठला नंबर आणि ईमेल टाकलाय ते बघा. जुना असेल तर आधी बदला, मग सिम सोडा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. आणि ज्या अ‍ॅपमध्ये पैसे भरलेत, त्याच्या प्रोफाइलमध्ये स्वतःचा ईमेल आणि वेगळा पासवर्डही टाकून ठेवा, म्हणजे फेसबुक अडलं तरी तुम्ही अडणार नाही.

फेसबुकच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅप्स आणि वेबसाइट्स’ म्हणून यादी असते. गूगल खात्यातही सुरक्षेच्या भागात अशीच यादी सापडते. उघडून बघा, ओळखीचं नसलेलं काय काय निघतं! नको ते काढून टाका. पण काढलं की पुढची माहिती जायची थांबते, आधी नेलेली त्यांच्याकडेच राहते. ती पुसायची तर त्या अ‍ॅपलाच सांगावं लागतं. फेसबुकचा नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, जोडलेल्या अ‍ॅपमधलं लॉगिन त्यानंतरही चालू राहू शकतं.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘माझ्या भाच्याला मत द्या’ अशी लिंक येते, उघडली की फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचं लॉगिन मागते. हे बोनाफाईड नाही, खोटा शिक्का आहे. पासवर्ड टाकण्याआधी वरचा पत्ता अक्षर न अक्षर वाचा. फेसबुकचा पत्ता ‘फेसबुक डॉट कॉम’नेच संपतो. त्यापुढे टिंब देऊन आणखी नाव जोडलेलं असेल तर ते पान तिथेच बंद करा. पासवर्ड टाकून बसला असाल तर लगेच खऱ्या अ‍ॅपमधून तो बदला आणि सगळ्या मोबाईलवरून लॉगआउट व्हा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा.