राखाडी पडलेला बंपर

सोलापूरच्या उन्हात काही वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा चमकत असतो, पण काळा बंपर आणि वायपरखालची जाळी राखाडी पडलेली असते. हे प्लॅस्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन, वर रंगाचा थर नसलेलं. अतिनील किरणं त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात, पृष्ठभागाला सूक्ष्म तडे जातात, प्रकाश विखुरतो आणि काळं पांढुरकं दिसू लागतं.

ते पुन्हा काळं करायला खोबरेल तेल चोळू नका, असं मी शेजाऱ्यांना कळकळीने सांगतो. लगेच चकाकी येते, पण धूळ चिकटते आणि पावसात सगळं ओघळतं. आधी शाम्पू आणि मऊ ब्रशने खडबडीत पोतातली घाण काढा, जुन्या वॅक्सचे पांढरे डागसुद्धा. खरी मेहनत इथेच आहे. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कडेच्या पत्र्याला मास्किंग टेप लावा आणि सावलीत प्लॅस्टिकसाठीच्या ट्रिम कोटिंगचा पातळ हात द्या. हीट गनने काळेपणा झटकन परततो, पण टिकत नाही, शिवाय प्लॅस्टिक वितळण्याची भीती.

दारांच्या रबराचं वेगळं. ते बहुतेक ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं. पेट्रोल, डिझेल किंवा ग्रीस लागलं की फुगतं. त्याला सिलिकॉनचा हलका हात पुरतो.