माशी मारण्याआधी माशी मोजा : पोल्ट्री शेडमधले सापळे

सापळ्यांचा व्हिडिओ टाकल्यापासून दुकानावर रोज कोणीतरी येतं आणि एकच प्रश्न विचारतं, "दादा, बाटली टांगली, माशांनी भरली पण, मग शेडमधल्या कमी का होत नाहीत?" प्रश्न बरोबर आहे. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यात सगळं बसत नाही. म्हणून इथे निवांत लिहितोय.

आधी माझीच चूक सांगतो. दुकान टाकलं त्या पहिल्या पावसाळ्यात मी निळ्या लाईटच्या माशा मारायच्या मशीन आणल्या. बीबीएला शिकलो होतो की मागणी दिसली की माल ठेवायचा. मागणी होतीच, अकरा मशीन हातोहात गेल्या. गणपती यायच्या आत सात परत आल्या. कारण साधं होतं, पण मला तेव्हा माहीत नव्हतं. आपल्याकडची शेडं उघड्या बाजूची, जाळी आणि पडदा. माशी दिवसा उडते, आणि दिवसाच्या उजेडापुढे त्या ट्यूबचा उजेड म्हणजे काहीच नाही. रात्री माशी छताला, दोरीला, वायरीला बसून राहते, फारशी उडत नाही. बंद, अंधाऱ्या खोलीत ती मशीन काम करते, उघड्या शेडमध्ये नाही. वर माशी तारेला लागून फुटते, तिचे तुकडे उडतात. खाली फीडर असेल तर ते पक्ष्यांच्याच पोटात. पैसे परत दिले. त्या वर्षीचा दिवाळीचा फायदा त्यात गेला, पण गिऱ्हाईक राहिलं.

आता विषयावर येऊ. शेडमध्ये त्रास देणारे मुख्य तीन. एक आपली घरमाशी. दुसरी चकचकीत हिरवी-निळी माशी, ही मेलेल्या पक्ष्यावर येते. ती दिसायला लागली की समजायचं, मर उचलायला उशीर होतोय किंवा खड्ड्याचं झाकण नीट बसत नाहीये. आणि तिसरा भुशातला काळा किडा. याच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, कारण तो उडून तोंडावर बसत नाही. त्याचं शेवटी सांगतो.

माशीचा हिशोब बघा. एक मादी एका वेळी साधारण १०० ते १५० अंडी घालते, आणि आयुष्यात असं बऱ्याच वेळा. अंडं एका दिवसात फुटतं. अळी ओल्या लिटरमध्ये चार-सहा दिवस वाढते, मग जरा कोरड्या जागी सरकून कोश करते. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणजे ब्रॉयलरच्या एका बॅचमध्ये, ३५ ते ४२ दिवसांत, माशीच्या तीन-चार पिढ्या सहज होतात. तुम्हाला उडताना दिसतात त्या माशा म्हणजे दुकानाच्या काउंटरवरचा माल. गोडाऊन खाली भुशात आहे. बाटलीने काउंटर रिकामा केला तरी गोडाऊनमधून माल येतच राहणार.

मग सापळा लावायचाच कशाला? मोजायला. आणि गोडाऊन बंद केल्यावर उरलेल्या माशा उचलायला. सापळा म्हणजे आधी मीटर, मग औषध. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात.

मोजायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे पांढरं कार्ड. साधारण तीन बाय पाच इंचाचं, लग्नपत्रिकेची कोरी मागची बाजू कापली तरी चालेल. माशी जिथे बसते तिथे, म्हणजे खांबावर, वाशावर, जिथे आधीच बारीक ठिपके दिसतात तिथे पिनने लावायचं. मागे तारीख आणि जागा लिहायची. सात दिवसांनी काढून ठिपके मोजायचे. माशी बसली की घाण टाकते, तोंडातून थेंब टाकते, त्याचे हे ठिपके. परदेशातल्या पोल्ट्रीवाल्यांचा नियम असा की एका कार्डावर आठवड्याला १०० च्या वर ठिपके गेले की हालचाल करायची. मी मात्र आकड्यापेक्षा फरक बघतो. याच जागेवर गेल्या आठवड्यात किती होते आणि आज किती, हे जास्त सांगून जातं.

या कार्डांनी एकाची शेड वाचवली, ते सांगतो.

खालापूर तालुक्यातल्या एका गावात एक ताई आणि भाऊ, तीन हजार पक्ष्यांची शेड, कंपनीच्या करारावर. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, तूस, वीज, मजुरी यांची. शेडवर बँकेचं कर्ज. शेजारी फार्महाऊस झाली. आपल्या कर्जत-खालापूरला हे आता नवीन नाही, पाच-सात वर्षांपूर्वी जिथे माळ होता तिथे आज स्विमिंग पूल आहे. ऑगस्टमध्ये फार्महाऊसवाल्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला की माशांमुळे ओट्यावर बसून जेवता येत नाही. पंचायतीने पंधरा दिवस दिले. कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, वाद मिटल्याशिवाय पुढची पिल्लं टाकणार नाही. पिल्लं नाहीत म्हणजे दीड महिना उत्पन्न नाही, हप्ता मात्र चालू. ताई दुकानावर आल्या त्या थेट शेतीचं फवारणीचं औषध मागायला. मी दिलं नाही. पक्षी आत असताना तसलं औषध मारणं म्हणजे मांसात अंश राहण्याचा धोका, आणि माशी फवारणीला लवकर सरावते हा त्रास जगभरचा आहे.

आम्ही बारा कार्डं लावली. सहा शेडमध्ये, दोन मर टाकायच्या खड्ड्याच्या झाकणाजवळ, दोन खताच्या ढिगाच्या पत्र्याखाली, आणि दोन कुंपणाजवळच्या पंपाच्या खोलीत, म्हणजे फार्महाऊसच्या बाजूला. मोजायचं काम ताईंनी केलं, पेनने प्रत्येक ठिपक्यावर खूण करत. शेडच्या मधल्या कार्डांवर चाळीस-पन्नास. पूर्वेकडच्या पाण्याच्या लाइनजवळ दीडशेच्या वर. आणि सगळ्यात जास्त कुठे, तर पंपाच्या खोलीत, दोनशेच्याही पुढे! शेडपासून लांब गेल्यावर आकडा उतरायला पाहिजे, इथे चढला होता.

कुंपणापलीकडे जाऊन बघितलं तर आंब्याच्या नवीन कलमांसाठी आणलेला कच्च्या कोंबडीखताचा ढीग, फाटक्या प्लास्टिकखाली, पावसात भिजत पडलेला. बोटाने उकरलं की अळ्या वळवळत होत्या. आणि ते खत कुणाचं? यांच्याच शेडचं, जूनमध्ये विकलेलं. म्हणजे तक्रार करणाऱ्याच्या आवारात माशा तयार होत होत्या, आणि माल यांचा होता. भाऊंना वाटलं आता भांडायला मुद्दा मिळाला. ताई म्हणाल्या, भांडून पिल्लं येत नाहीत. त्या स्वतः माळ्याला घेऊन गेल्या, ढीग गोळा करून उंच केला, वर धड ताडपत्री, कडा मातीने दाबलेल्या. झाकलेला ढीग आतून तापतो, ५५-६० अंशांपर्यंत जातो, त्यात अळी टिकत नाही. कडेचा थर थंड राहतो, म्हणून दहा दिवसांनी एकदा आतलं बाहेर, बाहेरचं आत करायचं.

तिसऱ्या आठवड्यात पंपाच्या खोलीतलं कार्ड पन्नासच्या आत आलं. ताईंनी सगळी कार्डं तारखेने पिशवीत घालून पंचायतीत नेली. अर्ज अजून फाइलमध्ये आहे, मागे घेतलेला नाही, पण मुदत वाढली आणि पिल्लं आली. तुमच्याकडे ५,००० च्या वर पक्षी असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा विषयही येतो, त्यात वास आणि माशांचा बंदोबस्त विचारतात. तेव्हा लिहून ठेवलेल्या नोंदी कामाला येतात, तोंडी काही उपयोग नाही.

पूर्वेची पाण्याची लाइन मात्र लवकर सुधारली नाही. आपल्याकडची खरी अडचण ही आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तो जवळपास सगळा चार महिन्यांत. भाताचा पट्टा असल्यामुळे तूस गिरणीतून सहज मिळतं, पण तूस ओलं झालं की पटकन वाळत नाही. पागोळ्या भिंतीला लागून पडत असतील तर वाऱ्याने पाणी जाळीतून आत येतं. पत्रा भिंतीपासून तीन फूट तरी बाहेर हवा, आणि पागोळीच्या रेषेत चर हवा. दुसरी सवय म्हणजे पाऊस आला की सगळे पडदे वरपर्यंत बांधायचे. मग आतली वाफ कुठे जाणार? डोळे चुरचुरायला लागले की समजा लिटर बिघडलंय. वरून हातभर फट ठेवा. निपल गळत असेल, किंवा लाइनची उंची कमी असल्यामुळे पक्षी वाकून पाणी सांडत असेल, तर त्याच पट्ट्यात माशी वाढते. तूस मुठीत दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओलं, सोडल्यावर हळूहळू सुटला तर ठीक. ओला भाग खरवडून बाहेर काढा, नुसता वर-खाली करू नका. ताईंच्या शेडमध्ये लाइन चार बोटं वर घेतली, ओला पट्टा काढला, तेव्हा कुठे कार्ड खाली आलं.

हे झालं की बाटली. दोन लिटरची बाटली, वरचा तिसरा हिस्सा कापायचा आणि उलटा आत बसवायचा, बूच काढून. आत अर्धा लिटर पाणी, मूठभर गूळ, आणि मूठभर जवळा. बाजारातला सुका जवळा, उरलेला, खवट झालेला उत्तम. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, म्हणजे माशी पाण्यावर तरंगत नाही, बुडते. पहिले दोन-तीन दिवस फारशा माशा येत नाहीत, वास सुटावा लागतो. रिकामी करताना तळाचं थोडं जुनं पाणी ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही बाटली शेडमध्ये टांगू नका. तिचा वास लांबच्या माशांनाही बोलावतो. शेडपासून तीस-चाळीस फुटांवर, खड्डा किंवा ढिगाच्या बाजूला लावा. "भरली पण कमी होत नाहीत" याचं अर्धं उत्तर हेच आहे. आत फक्त चिकट पट्टी, पक्ष्यांच्या डोक्यापेक्षा उंच. धुळीने ती लवकर वाळते, आठवड्याला बदला. दाणेदार विषारी आमिष कधीही पक्ष्यांच्या चोचीला लागेल असं ठेवायचं नाही.

जाळीबद्दल पण विचारतात. डेन्मार्कमध्ये २००६ च्या उन्हाळ्यात ब्रॉयलर शेडांना माशीची जाळी लावून बघितली. जाळी नसलेल्या शेडांत ५१.४ टक्के कळपांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, जाळीवाल्यांत १५.४ टक्के. माशी नुसती किळसवाणी नाही, ती जंतू आणते, हे यातून कळतं. पण त्यांची शेडं बंद, पंख्यांची. आपल्या उघड्या शेडला बारीक जाळी लावली तर वारा अडेल आणि एप्रिल-मेमध्ये पक्षी उष्णतेने जातील. खाद्याच्या खोलीला आणि दाराला जरूर लावा, बाजूंना नको.

आता काळा किडा. फीडरखालचं आणि भिंतीकडेचं तूस उकरा. पाच-सहा मिलिमीटरचा काळा चकचकीत भुंगेरा आणि पिवळसर तपकिरी अळी दिसेल. पक्षी खाद्य सोडून हे टिपत बसतात आणि साल्मोनेलासारखे जंतू पोटात घेतात. याचं चक्र माशीपेक्षा लांब, अंड्यापासून भुंगेरा व्हायला महिना-दोन महिने, पण भुंगेरा महिनोन्महिने जगतो. तेच तूस पुढच्या बॅचला वापरलं की किडाही पुढच्या बॅचला जातो.

त्याला अरुंद फटीत शिरायला आवडतं, सापळा त्यावरच आहे. दीड इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, आत खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याची घट्ट गुंडाळी. भिंतीकडेला आणि फीडरखाली तुसावर आडवा ठेवा, खुंटीला बांधा, नाहीतर पक्षी लोळवत नेतात. आठवड्याने पुठ्ठा पांढऱ्या टबमध्ये झटका आणि मोजा. मोजून झालं की साबणाच्या पाण्यात.

यात वेळ महत्त्वाची. लिफ्टिंग झालं, पक्षी गेले, की शेड थंड पडते आणि किडा दोन-चार दिवसांत भिंतीच्या भेगांत, लाकडात, कधी शेजारच्या घरात चढतो. बहुतेक जण लिफ्टिंगनंतर आठवडाभर सुट्टी घेतात आणि मग साफसफाई काढतात, तोपर्यंत तो भेगेत बसलेला असतो. गाडी गेली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी तूस बाहेर काढून ढीग करून झाका, आणि रिकाम्या शेडमध्येही पाइप आठवडाभर तसेच राहू द्या. त्यात भुंगेरे सापडत असतील तर भेगा सिमेंटने बुजवल्याशिवाय नवीन तूस टाकू नका. पाइप भंगारातून घ्या, पुठ्ठा माझ्या दुकानातून फुकट न्या, खोकी रोजच निघतात.