लिनक्सवर पार्टिशन उडालं? आधी हात आवरा

पारोळ्यातल्या फोटो स्टुडिओवाल्या आणि लिनक्स वापरणाऱ्या मित्रांनो, लग्नसराईत हे हमखास कामी येईल. पार्टिशन डिलीट झालं म्हणजे फोटो गेले असं नाही. पुसली जाते ती फक्त डिस्कच्या सुरुवातीच्या तक्त्यातली नोंद. जुन्या एमबीआर पद्धतीत ती जेमतेम 16 बाइटची असते! जीपीटीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते खरी, पण डिलीट करताना तीही बदलते, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका.

त्या डिस्कवर काही लिहू नका, फॉरमॅट तर मुळीच नाही. एसएसडी फॉरमॅट केली की ट्रिममुळे डेटा बहुधा कायमचा जातो. डिस्क कुरकुरत असेल तर आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा.

मग टेस्टडिस्क. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर मला फार मोलाचं वाटतं. डिस्क निवडा, ‘अ‍ॅनालाइज’, मग ‘क्विक सर्च’. हरवलेलं पार्टिशन हिरव्या ओळीत दिसलं की ‘पी’ दाबा. आपल्या फाइलींची नावं दिसली पाहिजेत. ती पाहिल्याशिवाय ‘राइट’ करू नका. काहीच सापडलं नाही तर ‘डीपर सर्च’. मोठ्या डिस्कला तासन्‌तास लागतात, धीर धरा.

एफडिस्कने पार्टिशन हाताने परत बनवणार असाल तर सुरुवातीचा सेक्टर अगदी तोच हवा. जुनी सिग्नेचर काढू का, असं तो विचारेल, तिथे ‘नाही’च म्हणा.