मुलांची वाचा : वेळीच लक्ष द्या



या पानावर एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांच्याच गोष्टी असतात. आजचा विषय निराळा, पण आपल्या घरातलाच आहे. शिवारात गेलो की ऊस पाहून झाल्यावर चहाच्या वेळी कुणीतरी हळूच विचारते, "साहेब, नातू तीन वर्षांचा झाला, अजून नीट बोलत नाही. काय करावं?" शेजारचा लगेच सांगतो, "आमचा चुलताही उशिराच बोलला. वेखंड उगाळून चाटवा."

वेखंडाने वाचा फुटत नाही, आणि वाट पाहण्यात गेलेली वर्षे परत येत नाहीत. लागणीनंतर नांग्या वेळेत भरल्या तर रोप बरोबरीने वाढते. उशिरा भरल्या तर मोठ्या उसाच्या सावलीत खुरटते. भाषेचेही तसेच. मूल वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलते, दोन वर्षांचे होईतो "पाणी दे" असे दोन शब्द जोडते. तसे होत नसेल तर दाखवून घ्यावे. 'र' मात्र उशिरा येतो. चार वर्षांचे पोर 'रस'ला 'लस' म्हणाले तर घाबरायचे कारण नाही.

या कामाचा जाणकार म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ, ज्याला आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो. तो आधी जिभेकडे नाही, कानाकडे वळतो. ज्याला ऐकू येत नाही ते मूल बोलणार कशावरून? कान वाहणे ही आपल्याकडे किरकोळ बाब समजतात, पण त्यानेही ऐकणे मंदावते. मग टाळू, जीभ आणि घरची हकीगत पाहतो. औषधाची बाटली बहुधा मिळत नाही. 'काका'ला 'ताता' म्हणणाऱ्या मुलाला आरशासमोर बसवून आधी नुसता 'क', मग शब्द, मग वाक्य, असे खेळत-खेळत शिकवतात. आठवड्यातून एकदा तिथे आणि रोज थोडा वेळ घरी. घरचे काम झाले नाही तर गुण येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती फार महत्त्वाची आहे. घरी भिली, पावरी, मावची, गुजर बोली किंवा अहिराणी, आणि शाळेत एकदम पुस्तकी मराठी. आश्रमशाळेत आलेले सहा वर्षांचे पोर काही महिने गप्प राहते, तेवढ्याने ते मुके ठरत नाही. 'डोळा'ला 'डोया' म्हणणारा मुलगा बोबडा नाही, ती त्याची अहिराणी आहे! खूण सोपी : मूल घरच्या बोलीत सवंगड्यांशी मोकळे बोलते का? बोलत असेल तर त्याला मराठी शिकायला वेळ द्यावा. घरच्या बोलीतही अडत असेल तर मात्र तज्ज्ञाकडे न्यावे.

अमेरिकेत शिकागोच्या सरकारी शाळांनी १९१० सालीच असे शिक्षक नेमले, आणि १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना शाळेतच अशी मदत मिळण्याचा हक्क दिला. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावाने वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि २०१६ च्या कायद्याने वाचा व भाषेचा दोष दिव्यांगत्वात स्वतंत्र धरला. पण खेड्यातल्या शाळेगणिक थेरपिस्ट ही गोष्ट अजून लांबच आहे. आपल्या हाती आहे ते पथक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला. त्यातले डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. ऐकण्याचा दोष आणि भाषा उशिरा येणे हे दोन्ही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. संशय आला तर पुढे पाठवतात, आणि हे विनामूल्य आहे.

यात निसटतात ती ऊसतोडीची पोरे. पथक शाळेत येते त्या दिवशी पोरगे आई-बापाबरोबर फडावर, कधी आपल्या तर कधी गुजरातच्या. गावातल्या शाळेत त्याच्या नावापुढे 'गैरहजर' पडते, संपले. तुमच्या शेतात टोळी उतरली की जवळच्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना कळवा, मुकादमालाही विचारा. आपला ऊस त्यांच्या हातून तुटतो, एवढे तर आपण करूच शकतो.

तोतरेपणाबद्दल थोडके. तोतऱ्या मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये, "सावकाश बोल" म्हणून टोकू नये, चारचौघांत नक्कल तर मुळीच नको. मास्तरांनाही हे सांगून ठेवावे. ऐकायला कमी येणाऱ्याला पहिल्या बाकावर बसवायला सांगावे.

तपासणीला जाताना कानाच्या जुन्या दुखण्याचे कागद असतील तर न्यावेत आणि घरी कोणती बोली बोलता ते सांगावे. जमल्यास आजीलाही न्यावे, परक्या ठिकाणी पोर तिच्याशीच चार शब्द जास्त बोलते.

— ऊस विकास अधिकारी